निंबाच्या माळाचं पाणी

एस.टी. थांब्यावर येऊन उभी होती, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून खोळंबला होता, आणि जिजी मला यादी सांगत होत्या. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं रनाळं गाव त्यांना जिजी म्हणायचं, म्हणून मीही.

"लिही वो लिखनारबाई," त्या म्हणाल्या. "एक. सकायनं ऊन दारमा येवाले पाहिजे."

मी पिशवीवर वही टेकवून लिहिलं.

"दोन. उन्हायामा बाज टाकाले आंगन पाहिजे. घरमा मन्हा जीव घाबरस. तीन. पानी गोड पाहिजे. खारं पानीवर मी एक दिन ऱ्हावाव नही."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "ओ मास्तरीनबाई, गाडी धुळाले जावानी शे. यादी घरून लिखी आनी ऱ्हाती ते!"

गाडीतली माणसं हसली. जिजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चार. कानबाईना गाना म्हनाले चार बाया पाहिजेत. हाई चार जमनं ते मी इसू. नारय लई इसू. एक भी कमी व्हयनं ते माले बलाऊ नको."

मी चौथं लिहिलं, पेन्सिल कानावर खोचली आणि पायरी चढले. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. यांची बदली उन्हाळ्यातच नाशिकला झाली होती आणि हे तिथं एका खोलीत, खाणावळीचं खात दिवस काढत होते. मी गावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस जाऊन घर ठरवायचं, तोवर दोन्ही मुलगे जिजींकडे, असं ठरलं होतं. सामान पौषात गेलं, मुलं त्याच्याबरोबर गेली. पण मला विचाराल तर रनाळं सुटलं ते त्या सकाळी, त्या पायरीवर. कारण पुढचं सगळं त्या चार ओळींवरून घडलं, आणि त्यातल्या एका ओळीपुढं मी जे लिहिलं त्यावरून.

नारळाचं सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्यांना कानबाई ठाऊक नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते. देवी म्हणजे एक जुना नारळ; त्याला डोळे, नथ, वेणी, लुगडं. रविवारी तिची गाणी व्हायची, सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीला न्यायचं, पाण्यात बुडवून परत आणायचं. तोच नारळ वर्षानुवर्षं. आमच्या घरचा नारळ जिजींच्या सासूच्या सासूपासूनचा, पितळी डब्यात मऊ कापडात गुंडाळलेला. तो डबा ज्या घरात, ते आमचं घर. म्हणून "नारय लई इसू" याचा अर्थ चार दिवस पाहुणी म्हणून येईन असा नव्हता. कायमची येईन, असा होता. जिजी विधवा, हे एकुलते एक. शेत चुलत दिरांना बटाईनं दिलेलं. त्या आल्या असत्या. मनापासून येणार होत्या.

याद्यांची सवय मला वडिलांकडून लागली. ते शहाद्याला एका जिनिंगमध्ये मुकादम होते आणि कापसाच्या हंगामात घरातही पाटीवर खडूनं कामं लिहीत: दळण, केरोसीन, धाकटीचा खोकला. मी आजही सकाळचा चहा होईतो दिवसाची कामं लिहून काढते आणि झालं की पुढं बरोबरची खूण करते. होणार नसलं तर फुली. अर्धवट काही ठेवत नाही. माझ्या या स्वभावाचं पुष्कळांना कौतुक वाटतं. मलाही वाटायचं.

नाशकात चार दिवसांत मी अकरा जागा पाहिल्या. गावठाणातल्या जागा पहिल्या दिवशीच बाद झाल्या. एका ठिकाणी दारात उभं राहिलं की समोरच्याच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसायचं, सूर्य मात्र कुठल्याच खिडकीतून दिसत नव्हता. एका मालकानं गच्ची दाखवून "हेच तुमचं अंगण" म्हणून सांगितलं; तिथं कबुतरं होती आणि शिडी चढायला माझीच हिंमत झाली नाही, जिजींची कुठून होणार? परवडणारं आणि मोकळं, दोन्ही हवं असेल तर गावाबाहेरच जावं लागेल, हे दुसऱ्या दिवशी दुपारीच माझ्या लक्षात आलं. मग मी बागा आणि माळ यांच्याकडे मोर्चा वळवला. तेव्हा नाशिक संपायचं तिथं पेरू आणि द्राक्षं लगेच सुरू व्हायची.

शेवटी दोन जागा उरल्या.

एक पेरूच्या बागेतली. एका मळेवाल्यानं बाग थोडी तोडून सहा ब्लॉक बांधले होते. तो चाळ म्हणत नसे, ब्लॉक म्हणे. पुढं अंगण, पूर्वेला दार, नगरपालिकेचा नळ, मागं पेरूची झाडं. राहणारी माणसं नोकरदार, बोलणं हळू. त्यात जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका राहत होत्या. माझी नाशकात नेमणूक झाली तर त्यांच्याच शाळेत होण्यासारखी होती.

दुसरी जागा निंबाच्या माळावर. पेरूच्या बागेपासून पायी वीस मिनिटं. मोकळा माळ, मधोमध मोठं कडुनिंबाचं झाड, शेजारी विहीर आणि भोवती तीस-चाळीस बैठी घरं. भाडं पेरूच्या बागेच्या दोन तृतीयांश. अंगण असं की दहा बाजा मांडल्या असत्या. ऊन कुठून यायचं हा प्रश्नच नव्हता, ते सगळीकडूनच येत होतं. उभ्या उभ्या मी दोन खुणा केल्या आणि तेवढ्यात विहिरीवरची एक बाई घागर खाली ठेवून माझ्याकडे आली.

"कथाईन उनात बाई? घर देखाले?"

मी पेन्सिल थांबवली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. कुणी दोंडाईच्याची, कुणी शिरपूरकडची, कुणी थेट तळोद्याची. गवंडीकामाला, तेलाच्या घाण्यावर, एस.टी.च्या कारखान्यात आलेली आमच्याकडची माणसं इथं येऊन राहिली होती. त्या बाईचं नाव सुंदराबाई, हे मला पुढं कळलं. तिनं पितळी गिलास भरून पुढं केला.

"बठा, पानी प्या. उनमाईन उनात. तुमनं गाव कोनतं?"

यादीतली चौथी ओळ माझ्यासमोर गिलास घेऊन उभी होती. चारच नव्हे, चाळीस बाया होत्या. आणि मी शुद्ध मराठीत म्हणाले, "मी इथलीच. घाईत आहे जरा."

"आठल्याच का? माले वाटनं आपलाकडल्या शेत," ती म्हणाली. गिलास तसाच तिच्या हातात.

आमच्याकडे दारात आलेल्यानं पाणी न घेता जाणं म्हणजे काय, हे रनाळ्यात राहिलेल्यांना सांगायला नको. वैऱ्याच्या घरचंही पाणी घोटभर घेतात. मी ते न घेता निघाले.

का, ते सांगते. धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात मी दोन वर्षं होते. पहिल्या आठवड्यात वसतिगृहाच्या पंगतीत मी "माले नको" म्हणाले आणि पुढची दोन वर्षं मला त्याच नावानं हाक मारली गेली. 'माले-नको, तुझं पत्र आलंय.' 'माले-नको, तुझी पाळी.' मुली वाईट नव्हत्या. त्यांना गंमत वाटायची. मी रात्रीचा दिवस करून बोलणं घासलं, आणि पहिल्या नंबरानं पास झाले. निंबाच्या माळावर त्या तिघी बोलू लागल्या तशी ती पंगत माझ्या डोळ्यांपुढं आली. वाटलं, आपली मुलं इथं वाढतील, असंच बोलतील आणि कुठल्या तरी पंगतीत लोक त्यांना हसतील. मुलांसाठी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मुलांचं कारण चार आणे असेल. बारा आणे मी स्वतःच होते.

त्या संध्याकाळी खाणावळीच्या बाकावर बसून मी वही पुरी केली. पेरूची बाग: ऊन, खूण. अंगण, खूण. पाणी, खूण. बाया: 'शेजार चांगला आहे', खूण. निंबाचा माळ: ऊन, खूण. अंगण, खूण. पाण्यापुढं मी 'मचूळ' लिहिलं आणि फुली मारली. जीभसुद्धा न लावता.

"पाणी वाईट आहे का तिथलं?" यांनी विचारलं.

"तोंडात धरवत नाही," मी म्हणाले.

हे बिचारे काय बोलणार? घर बघणं माझ्याकडे होतं आणि माझी यादी चुकत नाही, हे घरात सर्वांना माहीत होतं.

पेरूच्या बागेत आम्ही पौषात राहायला गेलो. जिजींना पत्रातून सगळं कळवत होते. त्यांना वाचता येत नसे, चुलत दीर वाचून दाखवत. ऊन येतं, बाज मावते, नळाला पाणी गोड आहे. चौथ्याविषयी लिहिलं, 'बायका पुष्कळ आहेत.' खोटं नव्हतं. सहा ब्लॉकांत सहा होत्या.

आषाढात जिजी आल्या. नाशिकच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना त्यांनी कंडक्टरला पितळी डबा धरू दिला नाही. दांडीला न धरता, दोन्ही हातांनी डबा पोटाशी घेऊन उतरल्या. घर पाहिलं. दारात उभं राहून सूर्य कुठून येतो ते विचारलं. अंगण पावलांनी मोजलं. नळाखाली ओंजळ धरून प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड शे." मग अंगणात बाज टाकून बसल्या आणि माणसांची वाट बघू लागल्या.

पेरूच्या बागेत माणसं चांगली होती, हे मला पुन्हा सांगितलं पाहिजे. दारं लावून घेत, इतकंच. सकाळी सगळे कामावर, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी फिरायला. जिजी बाजेवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, "कथा चालनात?" लोक हसून मान हलवत आणि पुढं जात. पहिल्या आठवड्यात त्या शेंगा निवडायला बसल्या तेव्हा शेजारच्या दोन ब्लॉकांसमोर दोन सुपं ठेवून आल्या. आमच्याकडे निवडण एकटीनं करत नाहीत. संध्याकाळी दोन्ही सुपं आमच्या दाराशी परत आली, रिकामी आणि पुसलेली. बायकांना वाटलं, आमची सुपं चुकून तिकडं राहिली.

जिजी हसल्या. "पुशी दिधं भी," त्या म्हणाल्या.

त्या अहिराणीत बोलत आणि मी उत्तर शुद्ध मराठीत देई. रनाळ्यात दहा वर्षं आम्ही एकाच बोलीत भांडलो होतो, हसलो होतो. त्यांनी त्याबद्दल एकदाच विचारलं. "मन्हासंगे भी शायेतलं बोली ऱ्हायनी का?" मी म्हटलं, "मुलांच्या कानावर नीट पडायला हवं, जिजी." तोवर माझी शाळेत नेमणूक झाली होती.

मग श्रावण आला. जिजींनी गहू धुतले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, अशी रोटाची रीत. यांच्या नावाची, थोरल्याच्या नावाची, धाकट्याच्या नावाची. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. रविवारी चौरंग मांडला, कानबाई बसली, गंगाफळाची भाजी, खीर, सगळं झालं. मी पाचही घरी जाऊन हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. संध्याकाळी पाचही जणी आल्या. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा आल्या, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. "ही कुठली देवी हो?" त्यांनी प्रेमानं विचारलं. मी सांगितलं, "आमच्याकडची ग्रामदेवता." तेही धड खरं नव्हतं.

बायका सतरंजीवर बसल्या. जिजींनी गाणं धरलं.

कानबाईच्या गाण्याला दोन बाजू लागतात. एका बाजूच्या बाया विचारतात: माय, तू कोणत्या वाटेनं आलीस, तुझ्या पायाला कुठली माती लागली? दुसऱ्या बाजूच्या उत्तर देतात. विचारणं आणि सांगणं असं चालतं, आणि प्रत्येक गाण्यात देवी एक-एक गाव ओलांडून घराजवळ येते. उत्तर आलं नाही तर ती वाटेतच राहते.

जिजींनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

मला ते गाणं येत होतं. शहाद्याला आईच्या मांडीवर असल्यापासून येत होतं. रनाळ्यात दहा श्रावण मी उत्तराच्या बाजूला बसले होते. पण मोठ्या बाई माझ्या शेजारी होत्या, हातावर पेढा घेऊन, कौतुकानं ऐकत होत्या. मी खाली बघून सतरंजीची सुरकुती सारखी केली.

 मग जिजी उठल्या, चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि उत्तराची ओळ म्हटली. पुन्हा उठल्या, इकडे येऊन पुढचा प्रश्न म्हटला. पुन्हा तिकडे. गुडघ्यावर हात टेकत, लुगडं सावरत, त्यांनी अख्खं गाणं असं ये-जा करत पुरं केलं. बायकांना ती रीतच वाटली. "किती छान पद्धत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी त्या सगळ्यांना मसाल्याचं दूध दिलं.

सोमवारी सकाळची शाळा होती. मी म्हटलं, "जिजी, रजा काढता येणार नाही, दुपारी जाऊ." कानबाई दुपारपर्यंत ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. हे ऑफिसला गेले. जिजी नारळ डोक्यावर आणि डबा काखेत घेऊन एकट्या गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, निघाल्या.

मी साडेअकराला घरी आले तर जिजी नव्हत्या. एक वाजला, दोन वाजले. मी गंगेच्या घाटावर जाऊन बघून आले. तीनच्या सुमारास त्या बागेच्या वाटेनं येताना दिसल्या. कपाळभर कुंकू, केसांत गुलाल, लुगड्याला चिखल. आल्या, डबा देवाजवळ ठेवला, बाजेवर बसल्या. फुगड्या खेळून आल्यासारखी धाप लागली होती. चेहरा असा उजळलेला मी आषाढापासून पाहिला नव्हता.

"कुठं होतात जिजी? किती शोधलं!"

"घाटवर आपला बाया भेटन्यात. ढोल लई उन्या व्हत्यात. 'कथलं गाव?' म्हने. म्हनलं, रनाळं. मंग काय, सोडतीस का! लई गयात घर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "निंबना माळ म्हंतस तठे."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं नाही, पण पोळी फाटली.

"सुंदरा नावनी बाई शे एक. ती सांगे, मांगला दिवाईले एक बाई उन्ही व्हती घर देखाले. हातमा वही, कानले पेन्सिल. पानी दिधं, ते तिनी पिधंच नही." जिजी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. पायाच्या बोटांमधला चिखल काढत होत्या. "पानी ते गोड शे वो तठलं."

बस्स, एवढंच. पुढं त्या बाबतीत एक शब्द नाही, ना मला, ना लेकाला. मी रागावण्याची वाट बघत होते. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

रोट संपेपर्यंत त्या राहिल्या. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, कपाशीची निंदणी आली, शेत बघायला हवं. यांनी खूप समजावलं. "माय, आता इथंच राहायचं ठरलं होतं ना?" जिजी म्हणाल्या, "यादीमा काय ठरनं व्हतं ते तुन्ही बायकोले इचार." तेही हसत. हे माझ्याकडे वळले. मी त्या क्षणी म्हणू शकत होते, आपण निंबाच्या माळावर घर घेऊ. भाडं कमी पडलं असतं. शाळा दहा मिनिटं लांब, एवढाच फरक. वही माझ्या समोरच्या कोनाड्यात होती. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

डबा पोटाशी धरून जिजी एस.टी.त चढल्या.

पुढची पाच वर्षं आम्ही सुट्टीत रनाळ्याला जात होतो, दिवाळीला आणि मे महिन्यात. श्रावणात शाळा असते. एका वर्षी श्रावणात माझ्या भाच्याच्या बारशाला शहाद्याला गेले आणि परत येताना वाट वाकडी करून रनाळ्याला उतरले. कानबाई होऊन पाच-सहा दिवस झाले होते. जिजी ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात दुधाची वाटी आणि त्यात कडक झालेला रोट, तुकडे मोडून भिजत घातलेला. वर शिंक्यात टोपली होती, तिच्यात आणखी चार.

"इतके का केले?" मी विचारलं. मग नाशकाला गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडून आपोआप अहिराणी आली: "इतला कसाले कयात जिजी, एकल्या मानूसनी?"

"मन्हा कोठे शेत ते? रोट बाईमानूसना नावना नही ऱ्हातस. तुन्हा घरवाला ना, पोरेसना." त्यांनी वाटी पुढं सरकवली. "खानार आठे नहीत, म्हनीसन मूठ कमी करू का? खाय. तुन्हाच घरना वाटा शे."

दर वर्षी त्या तिघांच्या नावच्या मुठी घेत होत्या आणि दर वर्षी आमच्या वाटणीचं एकट्या संपवत होत्या, पौर्णिमेच्या आत. दातांनी साथ सोडलेली. मी त्यांच्यासमोर बसून खाल्लं. दगडासारखा होता. मध्येच मी म्हणाले, "जिजी, ते निंबना माळनं पानी..."

"कोनतं पानी?" त्या म्हणाल्या. "दूध टाक आखो. कोरडं लागस."

मला बोलू दिलं नाही. ही त्यांची माया होती की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्या दिवशी चार रोट संपवून मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले. 'जिजींशी बोलणे' ही ओळ माझ्या वहीत त्यानंतर दर महिन्याला नव्या पानावर उतरत गेली. गेल्या साली कपाशीच्या पहिल्या वेचणीला जिजी गेल्या. त्या ओळीपुढं ना खूण आहे, ना फुली. माझ्या आयुष्यातली अर्धवट ठेवलेली ती एकच.

तेराव्यानंतर चुलत दिरांनी डबा माझ्या हातात दिला. मी तो पोटाशी धरून एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर ठेवू का?" मी नको म्हटलं, आणि सबंध वाटभर मला जिजींचं बसणं माझ्या अंगात आल्यासारखं वाटत राहिलं.

या श्रावणात मी डबा घेऊन निंबाच्या माळावर गेले. आता तो माळ राहिलेला नाही. घरं वाढत वाढत पार झाडाच्या बुंध्याला भिडली आहेत. झाडाच्या घरांवर आलेल्या फांद्या तोडल्या आहेत, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. बाज टाकायचं म्हटलं तर वाटेतच टाकावी लागेल. मी तिथं उभ्या उभ्या मनात यादी केली: ऊन, फुली, अंगण, फुली. सुंदराबाई पिकली आहे. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"तुमी त्या वहीवाल्या ना?"

"हा," मी म्हणाले.

"आनि हाऊ डबा... आपली रनाळानी जिजीना शे ना?" तिनं डबा ओळखला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती आत गेली आणि पितळी गिलास भरून घेऊन आली. तोच असेल, नसेल. मी उभ्यानंच तो रिकामा केला, एका दमात.

तिनं आपल्या कानबाईशेजारी आमच्या कानबाईला जागा करून दिली. बाया जमल्या. सुंदराबाईच्या बाजूनं प्रश्न आला आणि मला उत्तराच्या बाजूला बसवलं होतं. पहिली ओळ माझ्याच्यानं निघेना. शेजारणीनं कोपर मारलं, "म्हना वो, देवी वाटमा उभी शे." मग म्हटलं. सूर चांगला नव्हता.

गावी राहिलेले तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं म्हणशील? रनाळ्याच्या घराला कुलूप आहे. पेरूच्या बागेत पेरूचं एक झाड उरलंय आणि आम्ही अजून तिथंच राहतो. माझ्यासारखे जे उठून गेले त्यांनाही विचारावंसं वाटतं, तुम्ही घर बघायला गेलात तेव्हा कुणाचं पाणी नाकारलंत? मला एवढंच सांगता येतं की प्रश्न आल्यावर ज्या बाजूनं मला उत्तर द्यावंसं वाटतं, ते घर. वर्षात एक रविवार तेवढं ते माझं.

सोमवारी बायांबरोबर कानबाई नदीला नेऊन संध्याकाळी डबा घेऊन परत आले. हे अंगणात बसले होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"पाणी गोड आहे तिथलं," मी म्हणाले.

यांनी मान हलवली. खरं म्हणजे विहीर केव्हाच बंद झाली आहे. सुंदराबाईनं दिलेलं पाणी नळाचं होतं, आमच्या घरी येतं तेच. जुनी वही मी काढून पाहिली. 'मचूळ', आणि पुढं फुली. पेन्सिलीची आहे, खोडायला रबर दोनदा फिरवलं तरी पुरलं असतं. मी खोडली नाही.